रेंगाळण्याचा हक्क आणि आपल्या मुली

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला सोन्याच्या भावाचा, आणि दुसरा, "तिकडे बायकांचं कसं असतं हो?" पहिल्याचं उत्तर रोज बदलतं. दुसऱ्याचं मात्र आपलं ठरलेलं असतं. "अहो, रात्री बारा वाजता एकटी बाई टॅक्सीने घरी येते, काही होत नाही!" गेली वीसेक वर्षं मीही हेच उत्तर देत आले आहे, आणि ते खरंच आहे. पण एक पुस्तक वाचल्यापासून त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांपाशी मन अडखळतं. "काही होत नाही" एवढीच सुरक्षिततेची व्याख्या पुरेशी आहे का?

पुस्तकाचं नाव 'व्हाय लॉइटर?'. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मिळून लिहिलेलं हे इंग्रजी पुस्तक २०११ साली पेंग्विनने प्रसिद्ध केलं. तिघींपैकी एक समाजशास्त्राच्या अभ्यासक, एक पत्रकार आणि एक वास्तुविशारद. मुंबईच्या 'पुकार' या संस्थेत त्यांनी स्त्रिया आणि सार्वजनिक जागा या विषयाचा अभ्यास केला, त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. ते मुंबईच्या रस्त्यांविषयी आहे, पण वाचताना मला पुणं दिसलं, नाशिक दिसलं, आणि खरं सांगायचं तर शारजाही दिसलं. म्हणूनच आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ते ठेवावंसं वाटलं.

'लॉइटर' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधायला बसले आणि गंमतच झाली. रेंगाळणं, भटकणं, उंडारणं, हुंदडणं... यातला एकही शब्द मोठ्या झालेल्या मुलीच्या बाबतीत आपण कौतुकाने वापरत नाही. मुलगा उनाड असला तर "वयच आहे त्याचं". मुलगी उंडारते म्हटलं की लगेच आईच्या संस्कारांवर बोट! पुरुषांच्या रेंगाळण्याला आपल्याकडे जागाही आहेत आणि नावंही आहेत. कट्टा, पार, नाका, टपरी. बाईला मात्र घराबाहेर पडायला कारण लागतं. पूर्वी पाणवठा होता, देवदर्शन होतं, हळदीकुंकू होतं. आता क्लास आहे, नोकरी आहे, भाजी आहे. कारण संपलं की घर. काहीही न करता नुसतं बाहेर बसून राहणं तिच्या वाट्याला येतच नाही.

लेखिकांचा मूळ मुद्दा हाच आहे. शहरातल्या रस्त्यावर बाई दिसते, पण तिथं असण्याची तिला जी मुभा असते ती सशर्त असते. आपण काहीतरी कामासाठी बाहेर पडलो आहोत हे तिला सतत दाखवावं लागतं. म्हणून ती भरभर चालते, हातात पिशवी धरते, कानाला फोन लावते. मंगळसूत्र आणि कुंकूसुद्धा रस्त्यावर एक प्रकारचं ओळखपत्र होऊन बसतं. आपण "तिची सुरक्षितता" म्हणतो तेव्हा पुष्कळदा काळजी तिच्यापेक्षा घराच्या अब्रूची असते, असं या तिघी स्पष्ट म्हणतात. सार्वजनिक स्वच्छतागृहांवरचं त्यांचं विवेचन तर जरूर वाचावं. बाई चार-पाच तास घराबाहेर राहील, ही कल्पनाच शहर आखणाऱ्यांच्या मनात आली नव्हती, हे एवढ्या एका गोष्टीवरून कळतं. पुढे मुंबईतल्या संस्थांनी याच प्रश्नावर 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, हे अनेकांना आठवत असेल.

आपल्या घरांमध्ये या सगळ्याचं सार तीन शब्दांत सांगितलं जातं: सातच्या आत घरात! २००४ साली संजय सूरकर यांनी याच नावाचा मराठी चित्रपट काढला. नाव ऐकताच विषय कळला, इतका हा शब्दप्रयोग आपल्या अंगवळणी पडलेला होता. पण हा केवळ आजी-आजोबांचा दंडक आहे असं मात्र समजू नका. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कारखान्यात काम करण्याची मुभा दिली होती. म्हणजे 'सातच्या आत' हे चक्क कायद्यातच होतं! इथल्या अमिरातींच्या १९८० च्या कामगार कायद्यातही, काही अपवाद सोडता, रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायला मनाई होती. २०२१ च्या नव्या कायद्यात ते बंधन राहिलं नाही. महाराष्ट्रातही २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, स्त्रीची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था असेल तर, रात्री साडेनऊनंतरच्या कामाला वाट करून दिली. कायदे बदलले. घड्याळ मात्र आपल्या मनात अजून सातवरच अडकलेलं आहे.

दरम्यान शहरं कुठल्या कुठे गेली. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ साली ५ लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांवर गेली. हिंजवडीची शेतं जाऊन तिथं आयटी पार्क आलं, खराडी-वाघोलीकडे इमारती उठल्या. हजारो मुली लातूर, नांदेड, जळगावहून आणि परप्रांतांतूनही नोकरीसाठी आल्या. पगार आला, स्वतंत्र खोली आली, स्कूटर आली. पण रस्त्यावर दिवे, वेळेवर येणारी बस, उघडं दुकान, जागा असलेला शेजार या गोष्टी त्या वेगाने आल्या नाहीत. वाड्यात राहणाऱ्या मुलीवर दहा डोळ्यांचा पहारा असे. तो जाचही होता आणि आधारही. नव्या वस्तीत जाच कमी झाला, पण आधाराची जागा रिकामीच राहिली.

या रिकाम्या जागेत काय घडलं ते आपण इथं बसून बातम्यांत वाचत आलो. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओत काम करणारी तरुणी रात्रपाळीला निघाली होती. कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिला गहुंज्याजवळ नेऊन तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा खून केला. फाशीची शिक्षा झाली, पण अंमलबजावणीला झालेल्या दिरंगाईमुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायापत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. ती कामावर होती, आणि पुरुष सहकारी बरोबर होता. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात गावी जायला निघालेल्या तरुणीवर उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला.

या तिन्ही घटना एकापुढे एक ठेवून पाहा. कुणी उंडारायला गेली नव्हती. एक कामाला निघालेली, एक कामावर असलेली, एक घरी निघालेली. एकीला कंपनीची गाडी होती, एकीबरोबर सहकारी होता, एकीच्या आसपास एसटीचं अख्खं स्थानक होतं. आपण मुलींना जे जे नियम सांगतो ते सगळे त्यांनी पाळले होते. स्वारगेटच्या प्रकरणात तर त्या माणसाने तिला "ताई" म्हणून हाक मारली आणि तिची बस दुसरीकडे उभी आहे असं सांगितलं, असं बातम्यांत आलं होतं. ज्या शब्दावर आपण मराठी माणसं डोळे मिटून विश्वास टाकतो तोच शब्द! आणि एवढं होऊनही "तिने आरडाओरडा का केला नाही?" असा सूर निघालाच. तोही जबाबदार पदावरच्या माणसाकडून.

इथं 'व्हाय लॉइटर?' मधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. बाई "कामापुरती बाहेर" असते तेव्हा घटना घडल्यावर पहिली चौकशी तिच्या कारणाची होते. का गेली होती? एवढ्या वेळी का? कोणाबरोबर? कारण पटलं तर ती बिचारी, नाही पटलं तर "तिचंच चुकलं". म्हणून लेखिका म्हणतात की सुरक्षिततेचं दान नको, रस्त्यावर असण्याचा हक्क हवा. कारण न देता असण्याचा. रेंगाळण्याचासुद्धा. यातून पुढे मुंबईत तरुणींनी रात्री एकत्र फिरण्याचा, बागेत झोप काढण्याचा उपक्रम सुरू केला. पलीकडे कराचीत मुली ढाब्यावर चहा प्यायला बसू लागल्या, आणि २०१५ मध्ये दिल्लीत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' चळवळ उभी राहिली.

आता वळू या आपल्या इथल्या सुरक्षिततेकडे. ती कशाची बनलेली आहे? चांगल्या गोष्टी आधी मोजू. उजळलेले रस्ते, मीटरने चालणारी टॅक्सी, तक्रारीची दखल घेणारे पोलीस, जागोजागी कॅमेरे. २००७ मध्ये दुबईत स्त्रियांसाठी गुलाबी छताच्या टॅक्सी आल्या, त्या चालवणाऱ्याही स्त्रियाच. ९ सप्टेंबर २००९ ला मेट्रो सुरू झाली, तिच्यात स्त्रिया आणि मुलांसाठी राखीव भाग आहे आणि पुरुष त्यात शिरला तर दंड आहे. मुंबईकरणीला यात नवल नाही, १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशलची तिला सवय आहे. नवल आहे ते नियम पाळला जाण्याचं! हे सारं श्रेय या देशाला द्यायलाच हवं.

पण या सुरक्षिततेचा आणखी एक घटक आहे, त्याविषयी आपण फारसं बोलत नाही. या देशात पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि त्यांतले लाखो जण घरदार मागे ठेवून आलेले कामगार आहेत. ते राहतात शहराबाहेरच्या लेबर कॅम्पमध्ये. कुटुंबांच्या वस्तीत "बॅचलर" मंडळींना राहू द्यायचं नाही, असे नियम नगरपालिकांनी वेळोवेळी केले. गावी बायको आणि चार मुलं असलेला माणूससुद्धा इथं "बॅचलर"च! आपल्याला जो रस्ता निर्धास्त वाटतो, तो थोडाफार या माणसाला दूर ठेवून निर्धास्त झालेला आहे. मुंबईच्या संदर्भात लेखिकांनी हाच इशारा दिला आहे. मध्यमवर्गीय बाईच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून गरीब, परका, वेगळ्या धर्माचा पुरुष रस्त्यावरून हटवला जातो, आणि बाईचा हक्क मात्र जिथल्या तिथेच राहतो. मुंबईपेक्षा इथं हे अधिक स्पष्ट दिसतं. आपल्यातल्या किती जणांना लिफ्टमध्ये शिरलेला गणवेशातला कामगार पाहून मुलीला जवळ ओढावंसं वाटतं? आणि आपल्या ओळखीच्या, सुशिक्षित, घरी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाविषयी तीच शंका किती जणांना येते? भारतातली सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा स्त्रीच्या ओळखीचा असतो.

म्हणजे मुद्दा रस्त्यावरून घरात येतो. घरातल्या हिंसेविरुद्ध या देशात २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, २०२४ मध्ये तो नव्याने करण्यात आला. मदत मागणाऱ्या स्त्रियांसाठी 'दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन' ही संस्था २००७ पासून काम करते. पण नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला पहिला प्रश्न वेगळाच पडतो. तक्रार केली तर मी इथं राहणार कशी, आणि मुलांच्या शाळेचं काय? रात्री बारा वाजता निर्धास्त रस्त्यावरून चालत येणारी बाई दार उघडून आत गेल्यावर निर्धास्त असेलच असं नाही. "इकडे बायकांचं बरं असतं" म्हणताना ही बाई आपण मोजतो का?

आणि एक बाई आपण अजिबात मोजत नाही. आपल्या घरात काम करणारी. २०१७ च्या घरकामगार कायद्याने तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टीचा हक्क दिला, २०२२ च्या नव्या कायद्यातही तो आहे. त्या दिवशी ती निघाली की आपण काय विचारतो? "कुठे जातेस? कोणाबरोबर? किती वाजता येशील? उशीर करू नकोस हं, जबाबदारी आमची आहे." शब्द काळजीचेच असतात. पण पुण्याला आपल्या लहानपणी हेच शब्द ऐकून आपण चिडत होतो ना? सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर खाडीकाठी नुसत्या बसलेल्या या बायका पाहिल्या की मला वाटतं, तिघी लेखिका ज्याला रेंगाळण्याचा हक्क म्हणतात तो इथं सर्वांत आधी यांनी ओळखला. त्यांच्या सातच्या घड्याळाची चावी मात्र आपल्या हातात आहे.

पुस्तकाशी माझं सर्वस्वी एकमत आहे असं नाही. धोका पत्करण्याचा हक्क बाईला हवा, हा त्यांचा मुद्दा तत्त्व म्हणून मला पटतो. आई म्हणून तो गळ्याखाली उतरत नाही. धोक्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. जिच्यामागे पैसा आहे, इंग्रजी आहे, वकील मिळवून देणारा काका आहे, तिला पडूनही उठता येतं. वसतिगृहाची फी कशीबशी भरणाऱ्या घरातली मुलगी एकदा पडली की तिला थेट गावी परत नेतात. लेखिकांना हे ठाऊक आहे, त्यांनी वर्ग आणि जात यांचा विचार केला आहे, पण पुस्तकाचा उत्साही सूर कधीकधी या मुलीला मागे टाकून पुढे निघून जातो. शिवाय मुलांचं काय करायचं, या प्रश्नाला मला त्यात पुरेशी जागा दिसली नाही. रस्ता बाईने व्यापावा हे खरं, पण तिथं आधीपासून उभा असलेला तरुण घरून काय शिकून आला आहे, हेही कुणीतरी पाहायला हवं.

तरीही पुस्तकातली एक गोष्ट वाचून मी ते मिटून बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. रस्त्यावर काही घडलं तर मुली घरी सांगत नाहीत. घाबरून नव्हे, हिशेब करून. माझी एक भाची पुण्यात शिकते. बसमध्ये एका माणसाने त्रास दिला ते तिने मला फोनवर सांगितलं आणि वर बजावलं, "मावशी, आईला बोलू नकोस. तिला कळलं की संध्याकाळचा क्लास बंद." तिचा हिशेब अगदी बरोबर होता. त्रास दिला त्या माणसाने, आणि दंड भरणार ती! असे लहान-लहान प्रसंग मुली गिळत जातात, आणि मग एखाद्या मोठ्या प्रसंगीही तोंड उघडायची सवय राहत नाही. मग आपणच विचारतो, "आधी का नाही सांगितलंस?"

आपल्या इथल्या मुलींसाठी हे अधिक महत्त्वाचं आहे. बारावीनंतर आपल्यापैकी अनेकांच्या मुली पुण्या-मुंबईला शिकायला जातात. अठरा वर्षं त्या अशा शहरात वाढलेल्या असतात जिथं रात्री अकराला मॉलमधून एकटीने परतणं ही सांगण्यासारखी गोष्टच नसते. आणि पुण्याच्या विमानतळावर उतरल्या की आपण त्यांना एकदम आपल्या आजीचं घड्याळ बांधतो. सातच्या आत, स्लीव्हलेस नको, रिक्षाने नको, अमुक नको. मुलगी हुशार असते. ती वाद घालत नाही, फक्त सांगणं बंद करते. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ती आपल्याला वसतिगृहाची खोली दाखवते आणि आपण समाधानाने झोपतो.

माझ्या मते सुरक्षिततेची खरी कसोटी इथं आहे. बाहेर जे घडलं ते मुलीला घरी येऊन, आपलं स्वातंत्र्य न गमावता, सांगता येतं का? येत असेल तर तिच्या पाठीशी कुणीतरी आहे. येत नसेल तर दुबईचे कॅमेरे आणि पुण्याचे नियम दोन्ही मिळूनही ती एकटीच आहे. दिवे, बस, पोलीस, स्वच्छतागृहं हे शहराने द्यायचं आणि आपण ते सतत मागायचं. पण ही एक गोष्ट कुठलीही नगरपालिका देऊ शकत नाही. ती घरातच द्यावी लागते, आणि तिला खर्चही येत नाही. मुलगी काही सांगू लागली की पहिलं वाक्य "तू तिथं गेलीसच कशाला?" हे नसावं, एवढंच. "बरं झालं सांगितलंस" हे असावं.

आणि मुलग्यांना? आपल्या मंडळात गणेशोत्सवाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. मुलींना घरी कोण सोडणार याची यादी दर वर्षी न चुकता होते, आणि ती व्हायलाही हवी. पण त्याच तालमीतल्या मुलग्यांना बसवून, रस्त्यावर एकटी उभी असलेली मुलगी ही उत्तर द्यायला बांधील नसते, तिच्याकडे टक लावून पाहणं ही गंमत नसते, आणि मित्राने तसं केलं तर त्याला थांबवणं हे आपलं काम असतं, असं आपण कधी बोललो आहोत का? पुढच्या युवा मेळाव्यात नाच-गाण्यांच्या बरोबरीने एक तास यासाठी काढावा, असं मला सुचवावंसं वाटतं. बाबा मंडळींनी तो घेतला तर फारच उत्तम.

'व्हाय लॉइटर?' जरूर वाचा. सगळं पटणार नाही, काही ठिकाणी रागही येईल. पण वाचून झाल्यावर मुलीच्या हाती द्या, आणि मुलाच्याही.